पंचेचाळीसचा काप केवढ्याला पडतो?

नव्या फ्लॅटमध्ये दारांच्या चौकटीभोवती पट्ट्या बसवून झाल्या, की वरच्या दोन कोपऱ्यांकडे नीट बघा. उभी आणि आडवी पट्टी जिथे तिरकी भिडते तिथे पुट्टीची रेघ दिसली, तर काप चुकला आहे असं समजा. पॉलिश ताजं असेपर्यंत ती रेघ लपते, पहिल्याच उन्हाळ्यात तडकते आणि मग कायम डोळ्यांत खुपते. हा जोड नीट यावा म्हणून घरचं काम घरीच करणारे बरेच जण हल्ली मायटर सॉ, म्हणजे कोन लावून तिरका काप घेणारं विजेचं मशीन, घ्यायचं मनावर घेतात. दुकानात जातात, ‘मशीन केवढ्याला?’ विचारतात, आकडा ऐकतात आणि बजेट ठरवून मोकळे होतात.

पण मशीनची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग झाला. चांगलं ब्लेड, क्लॅम्प, लांब पट्टीला आधार, चष्मा, कानांचं संरक्षण आणि सोळा अँपिअरचा पॉइंट एवढं धरल्याशिवाय तिरका काप सुरक्षित होत नाही. अचूकही होत नाही. कापताना जी पट्टी हलते तीच चुकीच्या कोनात कापली जाते, आणि तीच धरलेला हात ब्लेडकडे ओढून नेते. त्यामुळे काप अचूक यावा म्हणून केलेला खर्च आणि बोटं वाचावीत म्हणून केलेला खर्च हा बहुतेक वेळा एकच असतो. किंमत कमी करायला लोक नेमका तोच आधी छाटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे दिलेल्या किमती मुंबई-पुण्याच्या बाजारातल्या ढोबळ किमती आहेत, 18 टक्के जीएसटी धरून. ब्रँड, मॉडेल आणि सणासुदीची सवलत यांप्रमाणे त्या कमीजास्त होतील.

आधी काप मोजा

दाराच्या एका बाजूला तीन पट्ट्या लागतात, दोन उभ्या आणि एक आडवी. वरच्या दोन कोपऱ्यांत मिळून चार तिरके काप. दाराच्या दोन्ही बाजू धरल्या तर आठ. सहा दारांच्या फ्लॅटला 48 काप झाले. चाचणीचे आणि चुकलेले धरून साठ म्हणू.

मशीन आणि बाकीचं सामान मिळून पंचवीस हजार रुपये घातले आणि हे साठ काप घेऊन मशीन माळ्यावर टाकलं, तर एक काप चारशे रुपयांच्या वर गेला. तेच मशीन भाड्याने आणलं तर? मोठ्या शहरांत हत्यारं भाड्याने देणारे दिवसाला साधारण 500 ते 800 रुपये घेतात, शिवाय परत मिळणारं डिपॉझिट. दोन दिवसांचे चौदाशे आणि स्वतःच्या नव्या ब्लेडचे अठराशे, मिळून बत्तीसशे. म्हणजे काप पडला पन्नास-पंचावन्न रुपयांना. एकाच घराचं काम असेल तर माझा सल्ला हाच: मशीन भाड्याचं, ब्लेड मात्र स्वतःचं. भाड्याच्या मशीनवरच्या ब्लेडने कोणी काय कापलंय ते कळायला मार्ग नसतो. बोथट ब्लेड दाबून चालवावं लागतं, लाकूड जाळतं आणि पट्टी खेचतं. ब्लेड घेण्याआधी मशीनच्या दांड्याचं माप मात्र विचारून घ्या. काहींचं 25.4 मिमी असतं, काहींचं 30 मिमी.

चार-दोन फोटो फ्रेम करायच्या असतील तर विजेचं मशीन घेऊच नका. हाताने कापायचा मायटर बॉक्स आणि सोबतची बारीक दातांची करवत 400 ते 1,000 रुपयांत मिळते. प्लास्टिकच्या बॉक्सच्या खाचा लवकर रुंदावतात आणि मग पंचेचाळीसचा कोन त्रेचाळीस-शेहेचाळीस असा कुठेही जातो, म्हणून लाकडी किंवा धातूचा बघा. त्याच्या वरची पायरी म्हणजे लोखंडी बैठकीवर रुळासारखी सरकणारी हातकरवत, अडीच ते पाच हजारांची. आवाज नाही, धूळ कमी, शेजारी वर येत नाहीत. फ्रेमच्या दुकानात पायाने दाबायचं चॉपर असतं. मोल्डिंग त्यांच्याकडूनच घेतलं तर बरेच जण कापूनही देतात.

मोल्डिंग किती लागेल याचा हिशेब बरेचदा चुकतो, म्हणून एक उदाहरण देतो. फोटो 12 बाय 18 इंच, म्हणजे 305 बाय 457 मिमी. मोल्डिंगची रुंदी 25 मिमी, फोटो बसायची आतली खाच 6 मिमी. प्रत्येक बाजूला खाचेबाहेर 19 मिमी राहतात, दोन्ही बाजूंना मिळून 38, आणि फोटो घट्ट अडकू नये म्हणून आणखी 2. बाहेरचं माप झालं 345 बाय 497. चारही बाजूंची बेरीज 1,684 मिमी. पण नक्षीच्या मोल्डिंगला पुढची-मागची बाजू ठरलेली असते, त्याला उलटवून कापता येत नाही. दोन तुकड्यांच्या मधे दर वेळी एक त्रिकोण वाया जातो. बाहेरच्या मापात तो आलाच; ब्लेडची जाडी आणि चुकांसाठी जास्तीचं धरून 1,900 मिमी घ्या. निव्वळ बाजू मोजून आणलेलं मोल्डिंग शेवटच्या तुकड्याला हमखास कमी पडतं.

हातातला मार्बल कटर

मशीनच्या किमतींआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे साइटवर सुतारांच्या हातात मायटर सॉपेक्षा मार्बल कटर जास्त दिसतो. दोन-चार हजारांचं चार इंची मशीन, त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लावलेलं, पट्टी पायाखाली किंवा मांडीवर धरलेली आणि पेन्सिलीच्या रेघेवर डोळ्यांच्या अंदाजाने पंचेचाळीसचा काप. काही ठिकाणी तर ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावून, गार्ड काढून हेच काम चालतं. ही मशीन मिनिटाला अकरा ते तेरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतात. दात लाकडात अडकला की मशीन उलटं उडतं, आणि त्या वाटेत मांडी असते, नाहीतर मनगट.

सुतार कितीही हुशार असला तरी हे काम तुमच्या घरात असं होऊ देऊ नका. काम ठरवतानाच विचारा, ‘तिरके काप मायटर सॉवर करणार ना?’ त्याच्याकडे नसेल तर दोन दिवसांचं भाडं तुम्ही द्या. हजार-पंधराशे रुपयांचा प्रश्न आहे, आणि तो वाचवण्यासाठी ज्याची बोटं पणाला लागतात त्याचं पोट त्याच बोटांवर आहे.

कोणतं मशीन, कितीचं

बाजारात मायटर सॉ मुख्यतः ब्लेडच्या मापावरून ओळखतात: 210-216, 255 आणि 305 मिमी. घरच्या आणि छोट्या व्यवसायाच्या कामाला 255 मिमी, म्हणजे दहा इंची, सगळ्यांत सोयीचा. त्याचं ब्लेड कुठेही मिळतं. फारशी ओळख नसलेल्या ब्रँडचा सात ते बारा हजारांत येतो. बॉश, मकिता, डीवॉल्ट अशा नावाजलेल्या कंपन्यांचा साधा, न सरकणारा 255 मिमीचा साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत. डोकं रुळांवर पुढे-मागे सरकणारा घ्यायचा तर तीस हजारांच्या पुढची तयारी ठेवा. मोठे 305 मिमीचे त्याहून बरेच वर जातात.

सरकणारा लागतो का, हे पट्टीच्या रुंदीवर ठरवा. न सरकणारं 255 मिमीचं मशीन सरळ कापात साधारण 130 मिमी रुंद फळी कापतं. पंचेचाळीसला बैठक फिरवली की हीच रुंदी 90 मिमीच्या आसपास येते, कारण ब्लेडला आता तिरकं, जास्त अंतर कापायचं असतं. दाराच्या पट्ट्या, स्कर्टिंग, फ्रेमचं मोल्डिंग बहुधा यात बसतं. सहा इंची फळ्यांना तिरके काप हवे असतील तरच सरकणाऱ्या मशीनचे पैसे सार्थकी लागतात. दुकानदार मात्र 130 चाच आकडा सांगतो. पंचेचाळीसचा आकडा तुम्ही स्वतः खोक्यावर वाचा.

लोखंडी पाइप कापायचं चौदा इंची मशीन वेगळं. काउंटरवर त्यालाही कटिंग मशीनच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. त्यावर घासून कापणारी चकती लागते, लाकूड नाही कापायचं. उलट मायटर सॉवर ती चकती चढवून लोखंड कापायचं नाही. ठिणग्या भुशाच्या पिशवीत जातात आणि पिशवी पेट घेते. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे सेक्शन मायटर सॉवर कापता येतात, पण त्यासाठीच्या ब्लेडने, थोडं मेण किंवा कापायचं तेल लावून आणि दोन्ही बाजूंनी आवळून.

आता पूर्ण हिशेब. अठरा हजारांचं मशीन धरा. साठ दातांचं चांगलं ब्लेड 1,800, कारण खोक्यातलं ब्लेड बहुधा जाड दातांचं, भरभर आणि खडबडीत कापणारं असतं. दोन क्लॅम्प 1,000. चष्मा 250, कानावरचे मफ 500, दहा मास्क 400. धातूचा गुण्या 400, डिजिटल कोनमापक 900. जाड वायरचं एक्स्टेन्शन किंवा नवा पॉइंट 1,500. मशीनच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीचे आधार करायला उरलेलं प्लाय आणि स्क्रू, हजारभर. हे झाले 7,750 रुपये, मशीनच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. एकूण 25,750. खिशात अठराच हजार असतील तर दहा-अकरा हजारांचं मशीन घ्या आणि बाकीच्या पैशांत हे सामान आणा. कोनमापक हवं तर पुढे ढकला. ब्लेड, क्लॅम्प आणि चष्मा पुढे ढकलू नका.

ब्लेडवर मी दोन पैसे जास्तच खर्च करा म्हणेन. 255 मिमीला 60 ते 80 दात लाकडाच्या स्वच्छ तिरक्या कापाला योग्य, ॲल्युमिनियमला 100 ते 120. दात किती पुढे झुकलेले आहेत हेही बघा. लांबीच्या दिशेने फळी चिरायच्या ब्लेडचे दात बरेच पुढे झुकलेले असतात. ते मायटर सॉवर लावलं तर लाकडात घुसतं आणि डोकं स्वतःहून खाली ओढतं. मायटर सॉच्या ब्लेडचे दात जेमतेम झुकलेले किंवा किंचित मागे कललेले असतात. ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी. चांगलं ब्लेड बोथट झालं तर फेकू नका. धार लावणारे दातामागे पैसे घेतात, आणि नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात ते परत कामाला येतं.

काप घेताना काय होतं

सरळ कापात ब्लेडचे दात पट्टीला मागच्या आधारपट्टीवर, फेन्सवर, दाबतात आणि पट्टी तिथेच बसून राहते. बैठक पंचेचाळीसला फिरवली की चित्र बदलतं. फेन्स आहे तिथेच असते, पण ब्लेड आता तिच्याकडे तिरकं येतं. दातांच्या जोराचा एक भाग पट्टीला फेन्सवर दाबतो आणि दुसरा भाग तिला फेन्सच्या कडेने बाजूला सरकवतो. नुसत्या हाताने धरलेली पट्टी मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज सरकते. कापलेल्या तोंडावर बोट फिरवलं तर ते किंचित फुगीर लागतं आणि ब्लेडच्या गोल रेघा दिसतात. जोड दोन टोकांना टेकतो आणि मधे उजेड दिसतो, नाहीतर मधे टेकतो आणि टोकांना फट राहते. आणि पट्टी सरकते त्या बाजूला ब्लेड असेल तर धरलेला हातही तिकडेच जातो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. फेन्सवर दुहेरी चिकटपट्टीने बारीक पॉलिश पेपरची पट्टी लावा, वीस रुपयांचं काम. पट्टी क्लॅम्पने आवळा. मशीनसोबत एक उभा क्लॅम्प बहुधा येतोच, पण तो खोक्यातच पडून राहतो. तो काढा आणि प्रत्येक तिरक्या कापाला वापरा, एकसुद्धा काप त्याच्याशिवाय नको. हात ब्लेडपासून निदान 150 मिमी, म्हणजे सहा इंच लांब हवा. बैठकीवर दोन्ही बाजूंना रंगाची रेघ मारून ठेवा आणि मशीन चालू असताना तिच्या आत हात नेऊ नका. उजव्या हाताने मूठ धरून डावा हात ब्लेडपलीकडच्या तुकड्यावर टाकायचा, म्हणजे हातांची कात्री करायची, हे कधीच नाही.

क्रम असा ठेवा. प्लग काढलेला असताना कोन लावा. कोन खाचेत बसला तरी मूठ आवळा, कारण खाच कोन दाखवते, तो घट्ट धरून ठेवण्याची खात्री देत नाही. डोकं हाताने पूर्ण खाली आणून बघा की ब्लेड किंवा गार्ड फेन्सला, क्लॅम्पला कुठे लागत नाही. डोकं कलवून कापायचं असेल, म्हणजे बेव्हल, तर हे फारच महत्त्वाचं. फेन्सचा वरचा सरकता भाग बाहेर ओढला नाही तर ब्लेड थेट त्यावर येतं. खालचा गार्ड आपोआप मिटतो ना तेही याच वेळी पाहा. मग प्लग लावा, स्विच दाबा, ब्लेड पूर्ण वेगात येऊ द्या, आणि मगच सावकाश खाली आणा. काप पूर्ण झाला की डोकं खालीच ठेवून स्विच सोडा. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत थांबा. विजेचा ब्रेक नसलेल्या मशीनला याला काही सेकंद लागतात आणि घाईच्या दिवशी ते फार मोठे वाटतात. फिरतं ब्लेड वर उचललं, तर ताज्या कापाची कड फाटते किंवा सुटा त्रिकोणी तुकडा दातांत सापडून गोळीसारखा सुटतो.

त्या त्रिकोणी तुकड्याबद्दल आणखी एक. एकाच मापाचे तुकडे कापायला आपण एका बाजूला अडणी लावतो, ती बरोबरच. पण सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूलाही काही टेकलेलं असेल तर तो ब्लेड आणि अडणी यांच्यात अडकतो आणि उडतो. सुटणारी बाजू नेहमी मोकळी हवी. फेन्सला आणि बैठकीला एमडीएफचा एक पातळ तुकडा स्क्रूने बसवून त्यातूनच पहिला काप घ्या. ब्लेडइतकीच खाच पडते, छोट्या तुकड्याला शेवटपर्यंत आधार राहतो आणि नक्षीची कडही फुटत नाही. तुकडा अगदी लहान हवा असेल तर लांब पट्टीच्या टोकाला तो काप घ्या, लहान तुकडा हातात धरून नाही.

वाकडी पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सला लावा. उलट लावली तर मधे पोकळी राहते, काप पूर्ण होता होता पट्टी मिटते आणि ब्लेड चिमटलं जातं. आठ-दहा फुटी पट्टीचं मोकळं टोक लोंबलं तरी तेच होतं. बाजूचे आधार त्यासाठीच आहेत. गोल दांडा नुसता ठेवून कापू नका, तो फिरतो. त्याला व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा लागतो.

हातमोजे या मशीनवर नकोत. कापडाचा एक धागा दातात गेला की मागोमाग हात जातो. ओढणी, उपरणं, सैल बाही, बांगड्या, अंगठी, मनगटावरचा पूजेचा दोरा, लोंबणारी माळ, सगळं आधी काढून किंवा खोचून ठेवा. मोकळे केस बांधा. मूल घरात असेल तर काम संपताच डोकं खाली अडकवून पिन लावा आणि प्लग काढा.

कोन आणि भिंत

चौकोनाला पंचेचाळीस, षटकोनाला तीस, अष्टकोनाला साडेबावीस. 180 ला बाजूंच्या संख्येने भागा, कापाचा कोन मिळतो. या कोनांच्या खाचा मशीनवर तयार असतात, पण कारखान्यातून आलेली खाच बरोबरच असेल असं धरू नका. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे पंचेचाळीसला कापा, जोडा आणि गुण्या लावून उजेडाकडे बघा. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला तर एका कोपऱ्यात एक अंश उघडतो. 60 मिमी रुंद पट्टीला ती फट टोकाला दीड मिलिमीटर होते. आणि चौकटीचे तीन कोपरे दाबून बसवले तर आठही कापांची चूक चौथ्या कोपऱ्यात गोळा होते: चार अंश, जवळपास सहा मिलिमीटर. शेवटचाच कोपरा का उघडतो, याचं उत्तर यात आहे.

मशीन अचूक असलं तरी भिंत काटकोनात असेलच असं नाही. स्कर्टिंग लावण्याआधी प्रत्येक कोपरा कोनमापकाने मोजा. 92 अंश आला तर दोन्ही काप 44 चे. आतल्या कोपऱ्यात तर मी तिरका काप टाळाच म्हणेन. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या आणि दुसरी तिच्या नक्षीच्या आकारात बारीक करवतीने कोरून तिच्यावर बसवा. भिंत थोडी इकडेतिकडे असली तरी हा जोड उघडत नाही. बाहेरच्या कोपऱ्याला पर्याय नाही, तिथे तिरका कापच हवा.

छताच्या कडेची लाकडी किंवा एमडीएफ कॉर्निस आडवी ठेवून कापायची असेल तर दोन्ही कोन लागतात. भिंतीशी 38 अंशांत बसणाऱ्या कॉर्निसला काटकोनी कोपऱ्यासाठी बैठक 31.6 आणि डोकं 33.9 अंशांवर. 45 अंशांत बसणारी असेल तर 35.3 आणि 30. बऱ्याच मशीनच्या पट्टीवर 31.6 ला वेगळी खूण असते, ती याचसाठी.

आणि हवेचाही विचार करा. अस्सल लाकूड रुंदीत आखडतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. भर पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात बसवलेली रुंद पट्टी उन्हाळ्यात आखडली की जोड आतल्या टोकाला उघडतो. कोरड्या दिवसांत बसवलेली पावसाळ्यात फुगली तर बाहेरच्या टोकाला. पट्ट्या आठवडाभर त्याच खोलीत ठेवून मग कापल्या तर हे बरंच कमी होतं, आणि याला खर्च शून्य.

वीज, आवाज, धूळ

1,650 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर सात अँपिअरच्या आसपास वीज घेतं, सुरू होताना त्याहून बरीच जास्त. घरातला सहा अँपिअरचा साधा सॉकेट त्यासाठी नाही. एक्स्टेन्शन घ्यावंच लागलं तर 2.5 चौरस मिमी तारेचं घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. बिलाची काळजी करू नका. मशीन सलग तासभर चाललं तरच दीड-दोन युनिट होतात, आणि साठ कापांना प्रत्यक्ष चालू वेळ त्याहून खूप कमी लागतो.

मायटर सॉचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार एवढा आवाज कानांनी दिवसाला पंधरा मिनिटंच सोसावा. मफ त्यासाठी. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि एमडीएफच्या भुशात त्याखेरीज फॉर्मल्डिहाइडचा डिंकही असतो. नाकावर रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. मास्कवर आयएस 9473 आणि चष्म्यावर आयएस 5983 ही भारतीय मानकं बघून घ्या. मशीनची भुशाची पिशवी सगळी धूळ पकडत नाही, म्हणून बाल्कनीत किंवा खिडकीपाशी काम करा.

दुर्दैवाने बोट तुटलंच तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर ठेवायचा नाही. जखमेवर घट्ट दाब द्या, हात उंच धरा, 108 ला फोन करा आणि हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात न्यायला सांगा. आपल्या गावापासून असं रुग्णालय कुठे आहे, हे मशीन घरी आणायच्या दिवशीच शोधून ठेवा.

बिल आणि वॉरंटी

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ अशा हार्डवेअरच्या जुन्या बाजारांत मशीन हाताळून घेता येतं, आणि मायटर सॉ हाताळूनच घ्यावा. डोकं वर-खाली करा, बाजूला हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर दुसरा नग काढायला सांगा. फेन्सच्या दोन्ही भागांवर सरळ पट्टी लावा, मधे पायरी नको. सेकंडहँड घेत असाल तर याशिवाय खालचा गार्ड तपासा. तो तारेने बांधून उघडा ठेवलेला दिसला किंवा काढूनच टाकलेला असला, तर किंमत कितीही कमी असो, ते मशीन घेऊ नका.

ऑनलाइन हजार रुपये वाचत असतील तर आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का ते बघा. वॉरंटी बहुधा सहा महिने ते वर्षभर असते. काही कंपन्या खरेदीनंतर ठरावीक दिवसांत नोंदणी केली तर ती वाढवतात. कार्बन ब्रश आणि ब्लेड वॉरंटीत धरत नाहीत. ब्रशची जोडी शे-तीनशे रुपयांना मिळते, मशीनसोबतच एक घेऊन ठेवा. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही हवेत, आणि व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर तो नंबरही टाकून घ्या, म्हणजे कराची वजावट मिळेल. मशीन सदोष निघालं आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.